अधियाची कोंबडी

धानाची कापणी आटोपली की भिलाईत तूस स्वस्त होतं. उतईकडच्या राइस मिलमधून ट्रॅक्टर भरभरून येतात, वीटभट्टीवाले नेतात, नर्सरीवाले नेतात आणि उरलेलं रस्त्यावर सांडत जातं. परवा हथखोजहून स्कूटरने घरी येताना पुढच्या ट्रॅक्टरमधलं तूस डोळ्यात गेलं. स्कूटर कडेला घेतली, डोळा चोळत उभी राहिले आणि तो कोरडा, किंचित गोडसर वास नाकात शिरला. डोळा निवळला तरी मी तिथेच उभी होते. या वासाने लोकांना गाव आठवतं, शेत आठवतं. मला गाव नाही, शेत नाही, मी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. मला कोंबड्या आठवतात.

तो बाबांच्या निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा होता. बाबा ब्लास्ट फर्नेसला होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात इथे आले आणि केस पांढरे होईपर्यंत भट्टीसमोर उभे राहिले. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी, असं त्यांचं आयुष्य तिन्हींत वाटलेलं. निवृत्त झाल्यावर ते सवयीने पहाटे उठायचे, घोटून दाढी करायचे, बूट पुसायचे आणि मग कुठे जायचं ते न सुचून पुन्हा पलंगावर बसायचे. आई स्वयंपाकघरातून बघायची आणि मला म्हणायची, "घरात मानूस हाये असं वाटतच नाही. फ्रिज आनून ठेवल्यावानी वाटते."

मी तेव्हाही हथखोजच्या एका कारखान्यात होते, अजूनही तिथेच आहे. आमच्याकडे लोखंडाचे ओतीव भाग बनतात आणि ते तपासायचं काम माझं. पास, पुन्हा घासायला, रिजेक्ट. या कामाने माणसाचा स्वभावही तसाच होतो. कुठेही गेलं तरी आधी तडा दिसतो. त्या हिवाळ्यातलं सगळं मी असंच, जरा लांबून आणि तडे शोधत पाहिलं. मी त्यात हात फारसा घातला नाही, म्हणूनच कदाचित सगळं इतकं नीट आठवतं.

क्वार्टरच्या मागे अंगण आहे. एक पेरू, एक शेवगा, कपडे वाळत घालायची तार, आणि भिंतीपलीकडे मागची गल्ली. पानांवर कायम तांबूस धूळ. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तेव्हा सुखवती भाजी घेऊन बसायची. उतईच्या पलीकडच्या खेड्यातली ती. सकाळच्या टेम्पोने यायची, लाल भाजी, चेच भाजी, तिवऱ्याचे कोवळे शेंडे घेऊन, आणि दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी करून जायची. तिच्या तराजूवर आईचा कायम संशय. ती छत्तीसगढीत बोलायची, आई नागपुरी मराठीत, आणि दोघी कितीही वेळ भांडू शकायच्या.

एका सकाळी ती टोपली कोपऱ्यावर ठेवून सरळ मागच्या दाराशी आली. हातात कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेलं कोंबडीचं डोकं. तांबड्या-काळ्या पिसांची, मध्यम बांध्याची, साधी गावठी कोंबडी.

"बाबूजी, एला अधिया म रख ले."

अधिया म्हणजे निम्मं-निम्मं. जनावर एकाचं, सांभाळणार दुसरा, आणि होणारी पिल्लं दोघांत अर्धी-अर्धी. इकडे गाय, शेळी, कोंबडी अशीच देतात. बाबांच्या गावातही अर्धलीने देत. तिने कारण सांगितलं तेव्हा तिचा आवाज भाजी विकतानाचा नव्हता. गावात कोंबड्यांना मानमोडी लागली होती. मान वळते, पाय लुळे पडतात, दोन-तीन दिवसांत पक्षी जातो. तिचं सगळं अंगण साफ झालं होतं. ही एक वाचली, कारण ती लेकीच्या घरी दुसऱ्या गावात होती. तिच्या सासूच्या वेळेपासूनची ही जात. अंड्यांवर बसायला तयार, पिल्लांना जिवापाड जपणारी, घारीच्या अंगावर धावून जाणारी.

"गाँव म रही त मर जाही," सुखवती म्हणाली. "इहाँ रही त एकर जात बाँच जाही."

लोक मुलांना शिकायला शहरात ठेवतात, तशी ती कोंबडी वाचवायला शहरात ठेवत होती. तिची जात जगते की नाही, एवढंच तिचं पणाला लागलं होतं आणि ते तिने आमच्या हातात दिलं होतं. भट्टीचं तापमान रंगावरून सांगणाऱ्या बाबांना कोंबडीतलं शून्य कळत होतं, हे तिला ठाऊक नसावं.

बाबांना मात्र ते मान्य नव्हतं. "मले सगळं मालूम हाये," ते म्हणाले. "आमच्या घरी अंगनभर कोंबड्या होत्या."

"होत्या ना," आई आतून म्हणाली. "पन त्या तुमची आई पाहे. तुमी ताटात किती वाढल्या ते पाहे."

आई माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात अंड्यालाही मज्जाव. तिने दाराची एक पायरी आखून दिली, कोंबडी त्या पायरीच्या पलीकडे. बाबांनी कबूल केलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केल्यावर बूट पुसले नाहीत, चपला घातल्या आणि खुराड्याच्या कामाला लागले. जुन्या कूलरचा सांगाडा मागे गंजत पडला होता. त्याच्या खिडक्यांना जाळी लावली, वर पत्रा टाकला, आत बसायला बांबू. खुराडं खरोखर छान झालं. मी नजर फिरवली आणि मनात पास करून टाकलं.

पुढचं मात्र पास करण्यासारखं नव्हतं. जमिनीवर अंथरायला तूस आणायचं सोडून बाबांनी रस्त्याच्या कामावर पडलेली स्लॅगची बारीक रेती आणली. भट्टीतला मळ पाण्यात विझवला की साखरेसारखे दाणे होतात, ती रेती. त्यांचा हिशेब पक्का होता. "स्लॅगात चुना असते. अंड्याचं कवच कशाचं? चुन्याचं. कोंबडी टोचून खाईन, कवच पक्कं होईन." ते दाणे काचेसारखे धारदार असतात, हे ज्या माणसाने आयुष्यभर त्यावरून जाड तळाचे बूट घालून फिरायचं काम केलं, त्याला कसं आठवणार? दोन दिवसांत कोंबडी एक पाय उचलून चालू लागली. सुखवतीने पायाचा तळवा उलटून पाहिला, मग बाबांकडे पाहिलं, मग खराटा मागितला. दुसऱ्या दिवशी ती भाजीच्या टोपलीबरोबर तुसाचं एक पोतं घेऊन आली. ते सोडल्यावर सगळ्या अंगणात जो वास पसरला, तोच परवा रस्त्यावर मला भेटला.

नवशिक्या माणसाचं एक बरं असतं, त्याला प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच घडते. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवरून उठेचना, तेव्हा बाबांना वाटलं ती आजारी आहे. सुखवतीने दिवेलागणीला तिच्या खाली तिचीच, लेकीकडच्या कोंबड्यापासूनची अंडी सरकवली आणि बाबांना जाऊ दिलं नाही जवळ. तीन आठवडे बाबा अंगणात हळू आवाजात बोलत होते. कुकरची शिट्टी झाली तरी त्यांच्या कपाळावर आठी. पिल्लं बाहेर यायला लागली त्या सकाळी त्यांनी मला कामावर जाताना अडवलं. कवचाला आतून चोच लागत होती, बारीक, थांबून-थांबून. मी घड्याळ बघत होते. "ऐक ना, पोरी," ते म्हणाले. मी ऐकलं, आणि मला आवडलं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही, पण आवडलं.

दहा पिल्लं निघाली. काही तांबडी, काही काळी, दोन राखाडी. कणी आणि पाणी, शिवाय सुखवतीने गावाकडून आणलेली वाळवी. वाळवीच्या वारुळाचं ढेकूळ फोडलं की पिल्लं अशी तुटून पडायची की बाबा खुर्ची ओढून बघत बसायचे. एक पिल्लू मांजराने नेलं. एक पाण्याच्या ताटलीत पडून गारठून गेलं, मग सुखवतीने ताटलीत एक दगड ठेवायला सांगितला. उरली आठ.

आठांचे चार-चार झाले, आणि बाबांना वायरची कल्पना सुचली.

कारखान्यात प्रत्येक पाइपला, प्रत्येक व्हॉल्व्हला बिल्ला असतो. बिल्ला नसेल तर ती वस्तू कुणाचीच नाही, म्हणजे कुणीही हात लावावा. बाबांचं मन त्याच साच्यातलं. वाटणी करायच्या वेळी तंटा नको म्हणून आधीच ठरवून टाकावं, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी जुन्या वायरचे तुकडे केले आणि चार पिल्लांच्या पायात लाल कडी घातली, चारांच्या पायात पिवळी. लाल सुखवतीची, पिवळी आमची.

"बाबा, ये लाल वाला रहने दो ना," मी म्हटलं. "आमच्या इथं लाल म्हणजे रिजेक्ट."

"लाल म्हनजे शुभ," ते म्हणाले. "तुमच्या कारखान्याचं सोड."

सुखवतीने ती कडी पाहिली आणि तिला हसूच आलं. "ये काबर बाँधे हस, बाबूजी?" बाबांनी हिंदीत सविस्तर समजावलं, तुझं कोणतं, माझं कोणतं, उद्या कुणी म्हणायला नको. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला पिशवीतल्या भाजीवरून कळलं. त्या दिवशी तिने आईला मोजूनमापून दिली, मूठभर जास्तीची टाकली नाही. बाबांना वाटलं की आपण तिचा हिस्सा जपला. तिला वाटलं की आपल्यात काहीतरी वेगळं काढलं. दोघंही प्रामाणिक, आणि मला दोघांचं कळत होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही.

आमच्या घरात तोवर अर्धं असं काही नव्हतंच. क्वार्टर लीजवरचं, कागद संपला की सोडायचं. पगार बाबांचा, तो पूर्ण आपला. शेजाऱ्यांशी सलोखा, पण वाटी पाठवली की वाटी परत, भरून. जे आपलं ते आपलं आणि जे दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं, या टापटिपीत आम्ही मोठे झालो. एकाच जनावरात दोन घरांचा जीव अडकलेला असणं आम्हाला नवं होतं. त्याची जरा भीतीच वाटली, आणि भीती वाटली की माणूस खुणा करतो.

पण लोखंड वाढत नाही आणि पिल्लू वाढतं. बाबा हे विसरले. थंडी चांगली पडली, पौषातल्या छेरछेऱ्याच्या सणाला पोरं दारोदार धान मागत फिरली, आईने सुपाने धान घातलं, आणि त्याच दुपारी तिने खिडकीतून बघून हाक मारली, "अवो, तुमचं पिवळंवालं लंगडून राहिलं." पाहिलं तर कडी पायात रुतलेली, पाय वर सुजलेला. दुसऱ्याचंही तसंच. बाबांचा चेहरा उतरला. सुखवतीला कोपऱ्यावरून बोलावलं. तिने एकेक पिल्लू मांडीवर घेतलं, बाबांनी पक्कड धरली, आणि आठही वायरी कापून काढल्या. आई आखलेल्या पायरीपर्यंत हळद आणि गरम पाणी घेऊन आली, त्या पायरीवर थांबली, आणि मग पायरी उतरून खाली बसली. पुढे ती पायरी कुणी पुन्हा आखली नाही.

त्यानंतर कुठलं कुणाचं हे विचारायची सोय राहिली नाही. बाबा म्हणायचे, "मी ओळखतो ना, चेहऱ्यावरून." आई म्हणायची, "तुमी पोरीची मैत्रीन नाही ओळखत, कोंबडी काय ओळखान?"

लस द्यायचं मात्र बाबांच्या डोक्यात होतं. जनावरांच्या दवाखान्यात चौकशी केली तर कळलं की मानमोडीच्या लसीची कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा फोडली की थोड्याच वेळात वापरावी लागते. आठ पिल्लांसाठी शंभरांची कुपी. मग बाबांनी सेक्टर पालथा घातला. इतरांनी कोंबड्या आणाव्यात, एकाच दिवशी सगळ्यांना लस द्यावी, जसं प्लांटमध्ये शटडाऊनच्या दिवशी सगळी कामं एकत्र उरकतात. गल्लोगल्ली फिरून त्यांना भेटले ते पोपट, ससे आणि एका घरी एक चिडकं टर्की. कोंबड्या नव्हत्याच. त्यात सुखवतीने कानाला हात लावले. "आँखी म दवाई झन डार बाबूजी, अंधरी हो जाही." लस डोळ्यात थेंब टाकून देतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि तिच्या मनात ते पक्कं बसलं होतं. बाबांनी दोन दिवस समजावलं आणि मग सोडून दिलं. मीही समजावलं नाही. लस राहिली.

आणि मग तो कोंबडा आला.

पिल्लांत दोन नर होते, पण लहान. बाबांना अंगणात तुरा हवा होता. कुम्हारीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेले आणि येताना हमरस्त्यावरच्या एका माणसाकडून कोंबडा घेऊन आले. उंच, लाल तुऱ्याचा, शेपटीत हिरवी झाक. बसमध्ये सगळे बघत होते म्हणे. सरळ आणून सोडला अंगणात. नवा पक्षी आणला की आधी काही दिवस वेगळा ठेवायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. सुखवतीलाही त्या कोंबड्याचा तोरा इतका आवडला की तीही काही बोलली नाही.

त्याची एक गंमत होती. आमच्या भिलाईत वितळलेला स्लॅग ओतला की आभाळ लाल होतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, लहानपणापासून बघतो. पण कोंबड्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो प्रत्येक लालीला उजाडलं समजून मान ताठ करायचा आणि आरवायचा. शेजारचे वर्माजी तिन्ही पाळ्यांतले. ते एकदा भिंतीवरून म्हणाले, "भाई साहब, आपका मुर्गा ओवरटाइम कर रहा है क्या?" बाबा किती दिवसांनी इतके हसले. मला तेव्हाच्या हिवाळ्यातला त्यांचा चेहरा आठवतो तो असा, भिंतीला टेकून हसतानाचा.

तीन आठवड्यांच्या आत कोंबडा मान खाली घालून बसू लागला.

सुखवती तेव्हा माघातल्या जत्रेला आणि तिथून लेकीकडे गेली होती. जाताना ती कोंबडीला हातात घेऊन कुरवाळून गेली होती. ती नसताना हे झालं, हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

हिरवी विष्ठा, उघडी चोच, मान मुरगळलेली. बाबांनी हळद पाजली, लसणाचं पाणी पाजलं, दवाखान्यातल्या माणसाला बोलावून आणलं. त्याने बघून सांगितलं की आता वाचायची ती आपलीआपण वाचतील. कोंबडा गेला. मग एक पिल्लू, मग एकाच दिवशी दोन, मग आणखी एक. आईने देवासमोर माळ ओढली आणि खुराड्यासमोरही ओढली. मी कामावर जात होते, येताना फाटकातूनच विचारायचे, "आज?" बाबा बोटांनी सांगायचे. शेवगा होता त्या बाजूला ते खड्डा खणायचे, चुना टाकायचे. शेवटी कोंबडी गेली, सुखवतीची कोंबडी. ती जाताना उरलेल्या पिल्लांच्या पुढ्यात पंख पसरून बसली होती, आणि तशीच गेली. मला फार वाईट वाटलं. बाबांनी तिला वेगळ्या खड्ड्यात ठेवलं.

चार राहिली. तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एक तरणा कोंबडा. ती का वाचली हे कुणालाच सांगता आलं नाही.

मग वाट बघणं. बाबांची दाढी राहू लागली. ते अंगणात बसून पुटपुटायचे, आणि एकदा जवळून जाताना मी ऐकलं. ते सुखवतीला काय सांगायचं ते हिंदीत पाठ करत होते. कोंबडा मी आणला. वेगळा ठेवला नाही. लस द्यायला हवी होती, तू नाही म्हणालीस तरी द्यायला हवी होती. मध्येच थांबायचे, वाक्य बदलायचे. लसीचं वाक्य त्यांनी नंतर काढून टाकलं.

"देऊन टाका ना तिले चारी," आई म्हणाली. "एवढं काय त्याच्यात?"

"तेच करतो," बाबा म्हणाले. "पन ती घेईन तवा ना."

ती आली तेव्हा ऊन कडक व्हायला लागलं होतं. शेवग्याची फुलं गळत होती. तिला कोपऱ्यावरच कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती टोपली डोक्यावर घेऊनच मागच्या दाराशी आली. खुराड्यात वाकून पाहिलं. मग टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "कतका बाँचिस?"

"चार," बाबा म्हणाले.

ती पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं. तिच्या कोंबडीचं नाव वगैरे काही नव्हतं, त्यामुळे ती कुणाला हाक मारून रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "मोर सास के बेरा के रिहिस." सासूच्या वेळची होती.

बाबा पुढे झाले. पाठ केलेलं सगळं विसरले असावेत, कारण त्यांनी भलतंच सुरू केलं. "चारों तुम ले जाओ. जो मरे, सब मेरे वाले थे. तुम्हारे वाले चारों बच गए."

हे खोटं होतं. वायरी कापून महिना होऊन गेला होता, आणि बाबांना चेहरे ओळखता येत नव्हते. आईने मान वळवली. मी बाबांकडे पाहत राहिले. आयुष्यभर बिल्ल्यावर विश्वास ठेवलेला माणूस, आणि बिल्ला नसताना तिच्यासाठी खोटा बिल्ला लावत होता.

सुखवतीने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण थोडं दुखावल्यासारखं. "अइसे नइ होवय, बाबूजी. मरिस त दूनों के मरिस, बाँचिस त दूनों के बाँचिस. अधिया मतलब अधिया."

"लेकिन कुकरी तुम्हारी थी."

"कुकरी मोर रिहिस, त मोर मरिस. पिला दूनों के."

मग तिने वाटणी करायला सांगितली. त्यांच्याकडची रीत अशी की एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने उचलायचा. सांभाळणारा वाटे करतो, जनावराचा मालक उचलतो. बाबांनी दोन टोपल्या मागवल्या. एकीखाली दोन तलंगा आणि तो कोंबडा, आणि दुसरीखाली एकच, त्यातली जी अजून जराशी लटपटत होती. आईच्या तोंडून "अवो" एवढं निघालं. सुखवतीने दोन्ही टोपल्या उचलून पाहिल्या. ती हसली नाही. पहिल्या टोपलीखालून कोंबडा काढला आणि दुसऱ्या टोपलीखाली ठेवला. दोन इकडे, दोन तिकडे. मग स्वतः त्या दोन तलंगा घेतल्या. "कुकरा गाँव म मिल जाही," ती म्हणाली. आमच्याकडे एक कोंबडा आणि एक कोंबडी राहिली, म्हणजे जात दोन्ही अंगणांत राहिली.

त्या दोन तलंगांपासून पुढे तिचं अंगण भरलं. एकदा उतईकडे गेले असताना मी वाकडी वाट करून पाहून आले. तांबड्या-काळ्या, घारीकडे मान वर करून बघणाऱ्या. सुखवती आता भाजी घेऊन येत नाही, गुडघे गेलेत. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी तिने तलंगा टोपलीत ठेवल्या, वर जुनी साडी बांधली, आणि जाताना नेहमीच्या आवाजात आईला म्हणाली की पुढच्या अघनात, म्हणजे मार्गशीर्षात, लाल भाजी महाग राहील, आत्ताच बी घेऊन ठेव. आईने भाव विचारला. दोघी दारात उभ्या राहून भांडल्या. मग ती गेली.

बाबा पायरीवर बसले. बराच वेळ ते तिच्या पाठीकडे, मग रिकाम्या गल्लीकडे बघत होते. आई आतून पाणी घेऊन आली.

"घ्या. झालं ना आता?"

"प्लांटमधी काही बिघडलं," बाबा म्हणाले, "की पहिले एकच इचारतेत. ड्युटीवर कोन होता? मानूस भाजला तरी पहिले तेच. मी उभी नोकरी त्याचं उत्तर देत आलो. हिच्यासाठी पन पाठ करून ठेवलं होतं."

"मंग?"

"हिनं इचारलंच नाही."

"मंग बरंच झालं ना," आई म्हणाली. तिने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो खाली ठेवून बाहीने डोळे पुसले. "अवो, मंग रडून कावून राहिले?"

"त्याच्यापाईच," बाबा म्हणाले.